चंद्रीचा न भाजलेला राब

चंद्री निरगुडा खरवई गावाच्या मागच्या ठाकरवाडीत राहते. तिचं माहेर बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव उठलं तेव्हा तिच्या भावांनी दारं, वासे, पाटा-वरवंटा असं सगळं बैलगाडीत घातलं आणि जिथे जागा मिळाली तिथे पांगले. लग्न झालेल्या मुलीच्या वाट्याला त्यातलं काही येणार नव्हतं. आईने तिला भाताची एक मुडी दिली. पेंढ्याच्या दोराने घट्ट वळलेली, भोपळ्याएवढी. आत काजळी होतं.

काजळी म्हणजे काळ्या तुसाचा, लाल दाण्याचा हळवा भात. नव्वद-पंचाण्णव दिवसांत तयार होतो. वाडीतली चंद्रीची खाचरं उताराला आहेत आणि भाद्रपद संपला की कोरडी पडतात. तिथे दुसरा भात लोंबी धरेपर्यंत तहानतो, काजळी मात्र पिकतो. भावांनी नव्या जागी सरकारी बी धरलं आणि त्यांच्याकडचं काजळी दोन-तीन वर्षांत संपलं. माहेरकडचं दुसरं कोणी सापडत नव्हतं. वीस वर्षं चंद्री दर दसऱ्यानंतर चांगल्या लोंब्या निवडून मुडी वळायची आणि चुलीवरच्या आढ्याला टांगायची. खाण्याचे तांदूळ संपले तरी त्या मुडीला कोणी हात लावायचं नाही. एकदा सासूने, बनूबाईने, पाहुण्यांसाठी त्यातला दोन मुठी भात कांडला, तेव्हा चंद्री तिच्याशी आठ दिवस बोलली नव्हती.

मी तिला ओळखतो ते चिंतामणी गाडगीळांमुळे. गाडगीळ अंबरनाथ एमआयडीसीत बॉयलर विभागाचे अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखाली मीटर-गेज दुरुस्त करायचो. शहाऐंशी साली त्यांनी कुठल्यातरी शिबिरात पर्माकल्चरबद्दल ऐकलं. जंगलाला कोणी खत घालत नाही, नांगरत नाही, तरी ते उभं असतं, मग शेत तसं का उभं राहू नये, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला आणि निघालाच नाही. एकोणनव्वद साली त्यांनी नोकरी सोडून वाडीच्या खाली दीड एकर घेतला. पहिल्या वर्षी त्यांची शेती बघायला आम्ही सात जण होतो. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मेळा भरू लागला. बँकेतले, शाळेतले, कारखान्यांतले लोक यायचे, आपापला डबा आणायचे, चर खणायचे, पालापाचोळा पसरायचे, आणि झाडाखाली बसून वाद घालायचे. ब्याण्णव साली मेळ्याला ऐंशी माणसं होती. मेळ्याची एक पत्रिका कुळगावातून निघायची, ती छापण्याआधी मी तपासून द्यायचो. बनूबाई आम्हाला गवतवाले म्हणायची.

"आली गवतवाल्यांची सभा," ती दारातून ओरडायची. "आज काय पेरनार? गप्पा?"

गाडगीळ हसायचे. पण चंद्री हसत नव्हती. ती बघत होती. गाडगीळांच्या वांग्याच्या वाफ्यात हातभर जाड वाळलं गवत अंथरलेलं होतं, आणि वैशाखात वाडीतली विहीर तळाला गेली तेव्हाही ती वांगी हिरवी होती. चंद्रीने एकदा गवत बाजूला करून खाली बोट खुपसलं. माती ओली होती. त्यात तणही नव्हतं.

"सायेब, हे राबाला चालंल काय?" तिनेच विचारलं.

इथे राब म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या भागात भाताचं रोप जिथे उगवायचं, त्या जमिनीच्या तुकड्यावर उन्हाळ्यात पाला, गोवऱ्यांचा चुरा, गवत आणि वर माती असे थर रचतात आणि जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्यासाठी माघापासून डोंगरात जायचं, ऐनाच्या फांद्या छाटायच्या, भारे डोक्यावर आणायचे. हे काम बायकांचं. चंद्री दहा वर्षांची असल्यापासून भारे वाहत होती. आता ती चाळिशीला आली होती आणि तिची मान उजवीकडे वळत नव्हती. डावीकडूनच बोलायची. शिवाय जंगलाचा पहारा कडक झाला होता. आदल्या वर्षी पहारेकऱ्याने तिचा कोयता काढून घेतला होता.

गाडगीळांना तर हेच हवं होतं. "चंद्राबाई, फांद्या तोडायला नको, भारे वाहायला नको, जाळायला नको. जाळलं की मातीतला जीव मरतो. आम्ही गवत आणतो, तुमच्या राबावर अंथरतो. तुम्ही फक्त पेरा."

"समदा राब?"

"अर्धा करा हवं तर."

अर्धा भाजायचा म्हटला तरी डोंगरात जाणं आलंच. चंद्रीने एक दिवस विचार केला आणि सगळ्याला हो म्हणाली. हा निर्णय तिचा होता, हे ती आजही सांगते. पण ती हो म्हणाली ते वांग्याच्या वाफ्याकडे बघून, आणि वांग्याचं रोप हाताने लावतात, भात फेकून पेरतात, हा फरक आमच्यापैकी कोणालाच सुचला नाही. मी डिप्लोमा झालेला, गाडगीळ इंजिनिअर, मेळ्यात दोन रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कोणालाही नाही.

गवत खरवईतून आलं. तिथे तेव्हा भराभर जमिनी विकल्या जात होत्या. एका शेतकऱ्याचा व्यवहार पीक उभं असतानाच झाला होता, बिल्डरने तारेचं कुंपण घातलं आणि भात कापायला कोणी आत गेलंच नाही. ते सगळं तिथेच वाळलं, त्यात माणसाच्या कमरेएवढं गवत माजलं. फुकटात चाळीस भारे. पुढच्या एप्रिलच्या मेळ्याला उल्हासनगर कॅम्प चारमधून टेंपो ठरवला. टेंपोवाल्याने भारे बघून विचारलं, "साईं, गाय कितनी है आपके पास?"

"एक पण नाही," गाडगीळ म्हणाले.

"फिर खायेगा कौन?"

"जमीन."

टेंपोवाला सगळ्या वाटेत आमच्याकडे वळून वळून बघत होता.

त्या रविवारी पन्नास-साठ माणसांनी रांग धरून भारे वर चढवले आणि राबावर अंथरले. कोणी गाणी म्हणत होतं. मेळ्याचा तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता. बनूबाई मधे येऊन बसली. तिने एक भारा सोडला, हातात काडी फिरवली, झटकली. तिच्या तळव्यावर पाच-सहा दाणे पडले.

"सायेब, ह्यात लोंब्या हायेत."

"पाखरं खातील, आजी. पाखरांची शीटसुद्धा खतच."

"आन गवताचं बी?"

"अंधारात उगवत नाही ते. वरून थर आहे ना."

बनूबाईने दाणे खाली टाकले. "तुमाला भात पोटात घालाया ठावं," ती म्हणाली. "भाताचा जल्म नाय ठावा."

आम्ही हसलो. गाडगीळही हसले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चंद्रीने मुडी उतरवली. पेरायचं तर गवत बाजूला करावंच लागतं, आणि ते करताना जेवढं बी गवतात होतं तेवढं सगळं उघड्या ओल्या मातीवर झडलं. त्यावर तिने काजळी फेकलं, सगळं, आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे वरून गवताचा थर परत दिला. थर जाड झाला. उंदरांना त्याखाली घर मिळालं. पण हे सगळं नंतर कळलं. दहाव्या दिवशी राब असा हिरवागार दिसत होता की वाडीत तसा कोणाचाच नव्हता. भाजलेल्या राबांवर जेमतेम पोपटी झाक आली होती. मी माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. तो पत्रिकेच्या पहिल्या पानावर छापला, खाली ओळ होती: "न जाळता, न तोडता."

चंद्री मात्र बांधावर उकिडवी बसली होती. तिने एक रोप उपटलं, अंगठा पात्याच्या सांध्यावर फिरवला आणि फेकलं. दुसरं उपटलं, फेकलं. तिसरं. मग तिने नवऱ्याला, वाळूला, हाक मारली. तो एमआयडीसीत पिंपं उचलायच्या कामावर होता, नुकताच पाळी संपवून आला होता.

"ह्ये भात नाय," ती म्हणाली.

भातासारखंच दिसणारं एक गवत असतं. महिनाभर दोघांत डोळ्याला फरक दिसत नाही. पात्याच्या सांध्यावर भाताला नखाएवढी पातळ पांढरी जीभ असते, त्या गवताला नसते. हे मला पुस्तकात सापडलं, भिंगातून बघून पटलं. चंद्रीला ते अंगठ्याने कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती राबात बसली. पहाट फुटली की बसायची ते दिसेनासं होईपर्यंत. एकेक रोप अंगठ्याने चाचपायचं, गवत असेल तर मुळाशी दोन बोटं रोवून काढायचं, कारण गवताची मुळं भाताच्या मुळांत गुंतलेली. जोरात ओढलं तर भातही येतो. पाऊस पाठीवर कोसळायचा. मान वळत नसल्यामुळे तिला उजवीकडचं काढण्यासाठी सगळं अंग फिरवून बसावं लागायचं. गाडगीळ आणि मी मदतीला गेलो, तेव्हा मी पहिल्या तासात सतरा भाताची रोपं उपटली. तिने माझा हात धरून बाजूला केला.

"तू नको. तू बांधावं बस."

पोटाचा प्रश्न नव्हता. वाळू सारखा तेच म्हणायचा. "चंद्रे, उठ. मी रेशनचा तांदूळ आनतो. पगार हाय मला."

"रेशनला काजळी मिळतो काय?"

"भात तो भात."

"मंग बायको ती बायको. आन दुसरी, जा."

वाळू तिच्या डोक्यावर इरलं धरून उभा राहिला.

जुलैचा मेळा आला. पत्रिकेतला फोटो बघून मुंबईहून, पुण्याहून नवीन माणसं आली होती, शंभरावर. कोणी गाडगीळांना विचारायलाही थांबलं नाही, सगळे थेट राब बघायला वर चढले. एक बाई, चांगल्या मनाच्या, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "किती जिवंत वाटतं इथे! बघा ना, किती प्रकारच्या वनस्पती एकत्र नांदतायत." आणि दोन पावलं पुढे आल्या.

"बाय, पाय काढ," चंद्री खालून म्हणाली. "माज्या भातावं उभी हायस."

बाई खाली बघत राहिल्या. त्यांना भात कुठला ते दिसत नव्हतं. बनूबाई बांधावरून ओरडली, "आगं ती काय बघतीय? तिला समदं सारखंच हिरवं!"

गाडगीळ त्या गर्दीच्या मागे उभे होते. त्यांनी सगळ्यांना खाली जायला सांगितलं. खाली गेल्यावर ते झाडाखाली उभे राहिले आणि म्हणाले की तो फोटो गवताचा आहे. कोणाला ऐकायचं नव्हतं. एक जण म्हणाला, प्रयोगात एक-दोन वर्षं जायचीच. गाडगीळांनी विचारलं, "कोणाची?" पण पुढच्या महिन्यात आणखी माणसं आली. फोटो कुठून कुठे गेला होता, तो आता थांबवता येत नव्हता.

तीन खाचरांपैकी एका खाचराला पुरतील एवढी रोपं राहिली, पिवळी, अशक्त. बाकी दोन पडीक. वाडीत सगळ्यांच्या आवण्या, म्हणजे रोपांची लावणी, उरकल्यानंतर चंद्रीने आवणी केली, एकटीने. आणि रोपांनी जोर धरला. पंधरा दिवसांत खाचर भरलं. त्या फोटोनंतर ती पहिल्यांदा गाडगीळांशी बोलली. "सायेब, एक खाचर म्हंजे मुडीभर तरी व्हईल. बी वाचलं." गाडगीळ बांधावर बसले आणि त्यांनी चेहरा पुसला. त्या दिवशी बनूबाईने आम्हाला चहा दिला.

भाद्रपदात लोंब्या बाहेर आल्या. पितृपक्षात दाणा भरतो आणि तूस रंग धरतं. काजळीचं तूस आधी जांभळट होतं, मग काळं. चंद्री रोज बघायला जायची. लोंब्या हिरव्याच होत्या. मग त्या पिवळसर व्हायला लागल्या.

मी त्या दिवशी तिथे होतो. ती खाचरात मधोमध उभी होती आणि एकेक लोंबी हातात घेऊन सोडून देत होती. खरवईच्या त्या कुंपणातला, न कापलेला, कोणाचा तरी सरकारी भात. चाळीस भाऱ्यांमधून तो झडला होता, जोमाने उगवला होता, आणि भातच असल्यामुळे त्याच्या सांध्यावर पांढरी जीभ होती. दहा-बारा दिवस पावसात बसून तिने अंगठ्याने निवडून जो वाचवला, तो हा. तिचं काजळी थराखाली बरंचसं कुजलं होतं, बरंचसं उंदरांनी नेलं होतं.

तिने वाळूकडे कोयता मागितला. वाळूने दिला नाही. "कापशील समदं. भात हाय, खाऊ."

"कापत नाय. दे."

तिने कोयत्याने आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि ओळीने खाचर शोधलं. काळी लोंबी जिथे दिसेल त्या चुडाला, म्हणजे रोपांच्या झुबक्याला, चिंधी बांधली. संध्याकाळपर्यंत अकरा चिंध्या झाल्या.

पुढचे पंधरा दिवस ती त्या अकरा चुडांपाशी गोफण घेऊन बसली होती. पोपट यायचे. एका चुडाची लोंबी एका पोपटाने तिच्या डोळ्यांदेखत तोडून नेली, तेव्हा ती बांधावरून धावली, पडली, आणि चिखलात बसून दाणे वेचत राहिली. गाडगीळ रोज यायचे. ती बोलायची नाही. ते दुसऱ्या बांधावर उभे राहून पत्र्याचा डबा वाजवायचे आणि सूर्य बुडाला की जायचे.

दरम्यान त्यांनी त्यांना माहीत असलेल्या प्रत्येक मेळ्याला, प्रत्येक शेतकऱ्याला पत्र लिहिलं होतं: काळ्या तुसाचं, लाल दाण्याचं, हळवं बी कोणाकडे आहे का? ही चळवळ तोवर बरीच पसरली होती आणि उत्तरं आली. पाकिटांत, औषधाच्या बाटल्यांत, रुमालाच्या गाठीत बी आलं. गाडगीळांनी ते सगळं ताटात मांडून चंद्रीपुढे ठेवलं. तिने एकेक दाणा दाताखाली फोडला.

"काळं हाय," ती म्हणाली. "काजळी नाय."

"हे बघा. अगदी तसंच आहे."

"सायेब, तुमची आय हरवली आन मी दुसरी म्हातारी आनली. लुगडं तेच. चालंल?"

गाडगीळांनी ताट उचललं. उचलताना दाणे एकमेकांत मिसळले.

दसऱ्याला काजळी निघालं ते दोन ओंजळी. एवढ्याची मुडी वळत नाही. तिने ते एका सुक्या दुधी भोपळ्यात भरलं, शेणाने तोंड लिंपलं. आणि मग सगळा हिवाळा ती घाबरलेली होती. पेरलं आणि पुन्हा काही झालं तर संपलं. न पेरलं तरी संपलं, कारण भाताचं बी दुसऱ्या वर्षी अर्धं मरतं, तिसऱ्या वर्षी उरत नाही. हे मी तिला सांगायला गेलो. तिला ते माझ्याआधी माहीत होतं. ती भोपळा खाली काढायची, कानाशी हलवायची आणि परत टांगायची.

माघात गाडगीळ कोयता घेऊन डोंगरात गेले. पन्नाशीला आलेला माणूस. पहारेकऱ्याला काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. जिवंत झाडाला कोयता न लावता पडलेल्या फांद्या आणि पाला गोळा करून त्यांनी भारा बांधला आणि डोक्यावर घेऊन आले. तीनदा खाली ठेवला. बनूबाईने दारातून बघितलं. "कसं हाय वजन, सायेब?"

ते भाऱ्यावरच बसले. धाप लागली होती.

असे नऊ भारे त्यांनी आणले. चंद्रीने प्रत्येक भारा सोडला, पानन् पान झटकलं, गवताची एक काडी दिसली तरी बाजूला काढली. राब एका खाटेएवढाच होता. काडी लावायला गाडगीळ पुढे झाले.

"तुमचा हात नको," चंद्री म्हणाली.

ते मागे सरले. तिने राब भाजला. माती वरच्या दोन बोटांपर्यंत तापली, त्यातलं सगळं बी मेलं. राख तशीच राहिली. ज्येष्ठात तिने भोपळा फोडला आणि सगळं पेरलं. मागे काही ठेवण्याएवढं नव्हतंच. सहा दिवस काही दिसलं नाही. सातव्या दिवशी राखेतून पोपटी सुया वर आल्या, विरळ. तिने त्यातल्या एकीलाही हात लावला नाही.

यंदा शहाण्णव साल आहे. चंद्रीकडे दोन पायली काजळी आहे. ते घरात कधी खाल्लं जाईल की नाही सांगता येत नाही. मुडी आता ती वळत नाही. पाच भोपळ्यांत पाच ठिकाणी ठेवते: एक घरी, एक नणंदेकडे वांगणीला, एक वाडीतल्या सुंदराबाईकडे, एक गोठ्यात. गेल्या दसऱ्याला पाचवा भोपळा घेऊन ती गाडगीळांच्या दारात आली होती.

"ह्यो तुमी ठेवा."

गाडगीळांना वाटलं, तिने माफ केलं. तसं ते म्हणाले.

"तसं काय नाय," ती म्हणाली. "माजं घर पेटलं तं? नणंद मेली तं? ठेवायला मानूस पायजे. पन पेराल तं भाजून पेरा."

पर्माकल्चरचा मेळा अजूनही पहिल्या रविवारी भरतो. आता दीडशे-दोनशे माणसं येतात, माहितीपत्रकं असतात, लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम असतो. गाडगीळांच्या दीड एकरात सगळीकडे गवत अंथरलेलं आहे, कुठे काही जाळलेलं नाही. एका कोपऱ्यात फक्त खाटेएवढी जागा काळी आहे, भोवती काट्यांचं कुंपण. नवीन आलेलं कोणीतरी दर वेळी तिकडे बोट करतं आणि विचारतं, हे काय, इथे आग लागली होती का?

"तिथे पाय ठेवू नका," गाडगीळ म्हणतात.